एक ठोका बरोबर

या, असे जवळ सरका. तिकडे भिंतीला टेकून बसलात, तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. आज एका बाईंची गोष्ट सांगतो. हसत-खेळत ऐका, शेवटी अंगावर काटा आलाच, तर त्याचं खापर मात्र माझ्यावर फोडू नका. गोष्ट आहे हेडफोनची. हसा, हसा. कुणाचा कान कुठून धरायचा हे देव आपल्याला विचारून थोडंच ठरवतो!

तर या बाई एका कचेरीत टायपिस्ट होत्या. जुन्या ध्वनिफिती ऐकायच्या आणि त्यात जे बोललंय, गायलंय, ते अक्षर न् अक्षर कागदावर उतरवायचं, हे तिथलं काम. भाषणं असत, मुलाखती असत, आणि बाईंचा जीव की प्राण म्हणजे गात-गात केलेली प्रवचनं. एखादा बुवा सूर लावता-लावता थांबे, समोरची माणसं एकदम हसत, आणि चाळीस वर्षांनी या बाई आपल्या खुर्चीत एकट्याच हसत.

अकरा वर्षं त्यांनी हे काम जोडीनं केलं. टेबलाच्या पलीकडे बसत कचेरीतले सगळ्यांत जुने ऐकणारे, ज्यांना झाडून सगळे काका म्हणत. मध्ये छातीएवढं उंच यंत्र, त्यातून निघालेल्या दोन वायरी, आणि दोघांच्या कानांवर दोन हेडफोन. अस्पष्ट जागा आली की काका डोळे मिटून, मान डोलवत शब्द सांगत, बाई टाइप करत. काकांचे दोन नियम होते. फीत चालू असताना फितीतल्या शब्दाखेरीज बोलायचं नाही, आणि चहाच्या वेळी कामाचं काढायचं नाही. बाकीचं सगळं ठोक्यांवर चाले. एक ठोका म्हणजे बरोबर, पुढे चला. दोन ठोके म्हणजे चुकलं, मागे या. बोटाच्या पेरानं लाकडावर वाजवावं तसा हलका आवाज. दोन ठोके आले की बाई फीत मागे घेत, आणि चूक तिथे हमखास सापडे. यंत्राआडून काकांना आपला कागद दिसतो कसा, हे विचारायचं मात्र अकरा वर्षांत राहूनच गेलं.

मग काका निवृत्त झाले आणि कचेरी नव्या जागेत गेली. एकच लांबलचक हॉल, तीस माणसं, दहा फोन, आणि एक प्रिंटर. तो दर पाच मिनिटांनी घसा खाकरल्यासारखा कुरकुरे. यंत्र गेलं, फिती कॉम्प्युटरवर आल्या. जोडीदार कुणी दिला नाही. जुने हेडफोन एका कानात बोलत नव्हते. पानापानाला चुका होऊ लागल्या. तिसऱ्या महिन्यात कचेरीच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं.

"बाई, तुमच्या हातची पानं परत येतात हे मला बघवत नाही," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी एक फीत देते. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर तुम्ही खाली फायलींकडे जा. पगार तोच राहील."

पगार तोच! पण फायली काही गात नाहीत.

घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं. तो प्लंबर, प्रत्येक दुखण्याचं मूळ त्याला गळतीत दिसे. "आवाज आत शिरतोय ना? मग शिरायची वाट बंद कर. हल्ली बाहेरचा गोंगाट गिळणारे हेडफोन मिळतात. बसमध्येही वापरशील."

"आणि मग तुम्ही हाक मारलीत तर ऐकू कसं येईल?"

"आत्ता कुठे येते?"

शनिवारी दोघं दुकानात गेली. दुकानदार गोल चेहऱ्याचा, हातात सदा मऊ फडकं. त्याची एक वेगळीच पद्धत होती. तो गिऱ्हाईकाला गाणं लावून देत नसे. खुर्चीत बसवून, कानांवर हेडफोन चढवून म्हणे, "आधी काहीच ऐकू नका. नुसतं बसा. जो हेडफोन रिकामा असताना बरा वाटतो, तोच टिकतो."

पहिला कानांत बसणारा होता. बाईंनी मान हलवताच तो टुणकन बाहेर आला. "हा बसमध्ये सीटखाली जाईल, आणि त्याच्यामागे मी," बाई म्हणाल्या. दुसरा कानांवर टेकणारा. हलका होता, पण चष्म्याची काडी कानामागे अशी दाबे की दहा मिनिटांत कपाळ ठणकावं. तिसरा सबंध कान झाकणारा, मऊ गादीचा. वायर लावली तर वायरीवर चाले, नाहीतर तिच्याशिवाय, आणि कडेला गोंगाट गिळण्याचं बटण.

"याला चार्ज लागतो," दुकानदार म्हणाला. "चार्ज संपला तरी वायरीतून आवाज येईल. पण गोंगाट गिळायचा बंद होईल."

बाईंनी बटण दाबलं. रस्ता गेला. पंखा गेला. नवऱ्याचे ओठ हलत होते, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज येत नव्हता. बाईंना हसू आलं. "हाच," त्या मनात म्हणाल्या.

आणि कानात एक ठोका पडला.

त्यांनी झटकन पाहिलं. दुकानदार फडक्यानं काच पुसत होता. नवऱ्याचे हात खिशात होते.

"काय झालं?"

"काही नाही. हाच घेऊया."

बाई विचारी होत्या, उगाच घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. अकरा वर्षं जो आवाज ऐकला, तो शांततेत कानाला आठवणारच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. उलट बरंच वाटलं. काका भेटल्यासारखं.

सोमवारी सकाळी त्या बसमध्ये बसल्या. वायर काढून, नुसतं बटण दाबून डोळे मिटले. पाऊण तास इंजिन नाही, हॉर्न नाही, शेजारणीची फोनवरची भांडणं नाहीत. थांबा आला तशा उठल्या आणि दारापर्यंत गेल्या.

दोन ठोके.

पाय आपोआप मागे वळले. सीटवर डब्याची पिशवी राहिली होती.

"तुम्ही तर विसरलाच होतात," कंडक्टर म्हणाला.

"आठवण करून दिली ना कुणीतरी," बाई म्हणाल्या, आणि खाली उतरल्यावर कितीतरी वेळ हातातल्या पिशवीकडे बघत राहिल्या. विसरलेल्या डब्याची आठवण कानाला कशी व्हावी? पण दहा वाजत आले होते.

फीत होती एका म्हाताऱ्या बुवांच्या प्रवचनाची. झिजलेली, खरखरीत, मध्येच सूर बुडणारी. बाईंनी वायर जोडली, बटण दाबलं. हॉल विझला. बुवा गाऊ लागले, लोक ठेका धरू लागले, बाईंची बोटं चालू लागली.

दोन ठोके. मागे. दुरुस्ती. एक ठोका. पुढे.

जुनी लय सापडली तशी बाईंना भीती-बिती काही आठवेना. डोलत-डोलत टाइप करत होत्या. सूर बुडाला की थांबत, पुन्हा ऐकत, आणि योग्य शब्द उमटला की एक ठोका पडे. शेवटाकडे बुवा सूर सोडून साध्या आवाजात म्हणाले, "बाबांनो, सांगणारा येण्याआधी ऐकणारा येऊन बसलेला असतो. तो कोण, ते मला विचारू नका."

बाईंनी ते टाइप केलं.

एक ठोका.

एक वाजता मॅडमनी आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीशी ताडून पानं तपासली. चूक एकही नव्हती. "बाई, तुमची खुर्ची कुणी हलवणार नाही आता," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले.

शेजारच्या टेबलावरची कारकून हेडफोन हातात घेऊन बघू लागली. "कितीला पडला हो? आणि हा चालू कुठून करायचा?"

"कडेचं बटण."

"ते दाबलं. दिवा लागत नाहीये."

चार्ज संपला होता. कधी संपला कोण जाणे. शनिवारपासून तो चार्जला लावायचाच राहिला होता. बाईंनी तो पुन्हा कानांवर चढवला. प्रिंटर कुरकुरला. फोन वाजले. तीस माणसांची कुजबुज जशीच्या तशी आत आली.

सकाळभर मग ही सगळी होती कुठे?

त्याच दुपारी अर्धी रजा टाकून बाई काकांकडे गेल्या. खिडकीतून लख्ख ऊन आलेलं. काकूंनी चहा ठेवला. बाईंनी सकाळची परीक्षा आणि तिचा निकाल सांगितला. काकांना आता कानातल्या यंत्राशिवाय ऐकू येत नसे. कानातला तो शेंगदाण्याएवढा तुकडा ते सारखा काढत आणि घालत.

"पोरी! वाचली ना खुर्ची? मला वाटलंच होतं."

"तुमच्यामुळे, काका. तुमचे ठोके अजून कानात आहेत. एक बरोबर, दोन मागे. तेवढ्यावर आज पार पडले."

काकांनी कप खाली ठेवला. "माझे ठोके?"

"यंत्राआडून वाजवायचात ते."

"मी?" काका हसू लागले. "अगं, माझ्या दोन्ही हातांनी कानांवरचा हेडफोन दाबून धरलेला असायचा. ठोके तू द्यायचीस. मी शब्द चुकीचा सांगितला की दोन. मी म्हणायचो, काय तयार कान आहे पोरीचा! बोलायचं नाही हा नियम माझाच, म्हणून कधी तोंडावर कौतुक केलं नाही एवढंच."

"काका, माझी दहाच्या दहा बोटं टाइप करत होती."

काका हसायचे थांबले. चहावर साय धरत होती. काकांनी हळूच कानातला तुकडा काढला आणि टीपॉयवर ठेवला. बहुतेक पुढचं काही ऐकायचं नव्हतं त्यांना.

बाईंनी हेडफोनची पिशवी मांडीवर घेतली. चेन बंद होती.

काकूच बोलल्या, अगदी सहज. "म्हणजे तुमच्या टेबलाशी तिसरं कुणी बसत होतं की काय?"

एक ठोका.

काकू दाराकडे वळल्या. "कोण आलंय बघू."

दारात कुणी नव्हतं. बाईंनी काकांकडे पाहिलं. टीपॉयवर तो तुकडा उन्हात चमकत होता. आणि काहीच ऐकू न येणारे काका, अकरा वर्षं डोलवली तशीच, मान डोलवत होते.

बाई अजून त्याच खुर्चीत आहेत, आनंदात आहेत. हेडफोन चार्ज करायचं त्यांनी सोडून दिलंय. तुमच्याकडे एवढंच मागतो, की आता घरी जाल, दिवा मालवाल, सगळं शांत होईल, तेव्हा त्या तिसऱ्याची एकदा आठवण काढा. त्याला नाव नाही, चेहरा नाही, त्याचे आभार कुणी मानलेले नाहीत. सांगण्यात माझं कुठे चुकलं असेल, म्हणता? नाही. या साऱ्या वेळात मला एकदाही मागे यावं लागलं नाही.