आमेनच्या आधी

"...आणि हे दयाळू परमेश्वरा, आमच्या ताईला सुबुद्धी दे! काही माणसांना सेवा जंगलात दिसते बापा, घरातली मात्र दिसत नाही... त्यांचे डोळे उघड!"

डोळे मिटून, हात जोडून प्रेमानंद प्रार्थना करत होता, आणि शेजारीच बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या, वंदनाच्या काळजात एकेक शब्द रुतत होता. त्या घराची ही जुनीच खोड! तोंडावर बोलायची कुणाची छाती नाही. सगळे रुसवेफुगवे, सगळे टोमणे संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून मारायचे... बिचारा देव!

वंदनाची पाळी आली. 

"प्रभू, ज्याला मी पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्या मनातला कडवटपणा काढून टाक... येशूच्या नावाने मागते."

"आमेन!" प्रेमानंद दातओठ खात म्हणाला. त्याची बायको सोनिका मात्र नेहमीसारखीच मुकाट बसून राहिली. सातवा महिना लागलेल्या त्या अबोल पोरीने लग्न होऊन आल्यापासून मोठ्याने प्रार्थना अशी कधी केलीच नव्हती.

भांडण तरी कशावरून? चर्चच्या मंडळीने मेळघाटातल्या एका खेड्यात आदिवासी मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं, आणि तिथे गृहमाता म्हणून जाल का, असं पाद्रीसाहेबांनी वंदनाला विचारलं होतं. रविवारच्या आत उत्तर हवं होतं, आणि सोनिकाचं बाळंतपण तोंडावर असताना ताईने जाऊ नये, असं प्रेमानंदाचं म्हणणं होतं. एकोणीस वर्षांची असताना चर्चच्या उज्जीवन सभेत, देवाच्या सेवेला कोण तयार आहे, या प्रश्नावर भर मंडपात ती एकटी उभी राहिली होती... आणि त्याच वर्षी आई गेली! वडील आधीच गेलेले; पाच वर्षांचा प्रेमानंद तिच्या ओढणीला धरून रडत होता. मग कसलं पाचारण आणि कसलं काय! गांधीबागेच्या बाजारातून कापड आणून तिने जन्मभर लोकांच्या पोरांचे युनिफॉर्म शिवले, स्वतःचं लग्न केलं नाही, भावाला शिकवलं, तो बुटीबोरीच्या कारखान्यात इंजिनियर झाला... आणि तिला घरातली सेवा दिसत नाही, असं म्हणायला आज त्याच भावाची जीभ रेटली!

राग ओसरला आणि तिच्या मनात नुसता गोंधळ उरला. हे खरंच देवाचं बोलावणं, की आपलीच राहून गेलेली हौस? माहेर नसलेल्या गरोदर पोरीला टाकून जाणं म्हणजे आज्ञापालन, की निव्वळ स्वार्थ? आणि नाही गेलो, तर तो त्याग, की भित्रेपणा? पवित्र शास्त्र उघडावं, तर एका पानावर घरदार सोडून निघालेली माणसं, दुसऱ्यावर घरच्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांची खरडपट्टी! देवा, एकदाच काय ते स्पष्ट सांग ना रे! भांडी घासताघासता तिला हुंदका आवरेना.

"ताई, काहून रडून राहिल्या?" सोनिका मागे येऊन उभी होती.

"मले काहीच समजून नाही राहिलं वं! जातो म्हटलं तर पाय निघत नाही, राहतो म्हटलं तर जीव लागत नाही."

सोनिकाने फडकं उचललं आणि ती ताटं पुसू लागली.

शनिवारी संध्याकाळी उपासनेत पुन्हा तेच. प्रेमानंदाचं 'सुबुद्धी दे' झालं, वंदनाचं रडणं झालं, आणि आता आमेन म्हणायचं, तोच एक बारीक आवाज आला.

"प्रभू... मले नीट येत नाही. पण हे दोघं तुले खरं नाही सांगून राहिले." सोनिका घट्ट डोळे मिटून बोलत होती. "ताईले माझी काळजी आहे. पण बाळंतपणाले माझी भावनामावशी येते, मी तिले फोन केला. अन् ताईले अडवायचं यांचं कारण मी नाहीच, प्रभू! हे ड्युटीवरून आले का आधी ताई घरात आहे का पाहतात, मंगच जोडे काढतात. आई गेली तशी ताईही जाईन, असं यांले वाटते... कोणाले सांगत नाहीत. तूच यांले धीर दे."

आमेन म्हणायचंही तिला सुचलं नाही.

"हे... हे कृपाळू परमेश्वरा..." प्रेमानंदाने सुरुवात केली आणि प्रार्थना अर्ध्यातच सोडली. त्याने डोळे उघडले, आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कुणाच्या तोंडाकडे पाहून मनातलं बोललं.

"ताई, आई गेली तवा तू मले म्हटलं होतं, मी कुठंच जात नाही गा, रडू नको... मले वाटे, ते कायमचं आहे."

"अरे वेड्या!" वंदनाने त्याचं डोकं छातीशी धरलं. एवढा मोठा बाप्या, पण लहान पोरासारखा तो रडत होता!

"तू जा, ताई," तो स्फुंदत म्हणाला. "देवानं तुले बोलावलं, अन् मीच आडवा येऊन राहिलो. माफ कर मले... जा तू!"

आता अडवणारं कुणीच नव्हतं... आणि नेमकं तेव्हाच वंदनाला वाटलं, राहावं! याला असं रडवून कुठे जायचं? प्रभू, आता तरी बोल! ती कान देऊन बसली. कुकरची शिट्टी झाली, गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू केली, देव काही बोलला नाही.

तिने ओढणीने डोळे पुसले आणि पाद्रीसाहेबांना फोन लावला.

"बोला वंदनाबाई," पलीकडून ते उत्सुकतेने म्हणाले, "देवाची इच्छा निश्चित कळली ना?"

वंदनाने भावाकडे पाहिलं. तो मान हलवून 'हो म्हण' सांगत होता, आणि तिचा हात मात्र सोडत नव्हता.

"नाही जी पाद्रीसाहेब," ती म्हणाली, "निश्चित काहीच नाही कळलं... पण मी जाते."