घट्ट बसवलेली एरियल गप्प का झाली?

सैल होती तेव्हा निदान खरखरत तरी होती. घट्ट बसवल्यावर मात्र मोटारीच्या टपावरची रेडिओची एरियल पार मुकी झाली! असं कसं?

"माझं काम चोख आहे," चिमटा म्हणाला. चिमटा म्हणजे आमच्या घरचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). एकेका हाताला सहा बोटं आणि अंगात भारी तोरा. "हलवून बघा. तसूभर हलणार नाही."

"हलत नाही आणि बोलतही नाही," माझी दहा वर्षांची मुलगी कृत्तिका म्हणाली. "चार्जिंग संपल्यावर तू असतोस ना, तश्शी!"

मला काही हसू आलं नाही. २०६१ सालचा मे महिना. सूर्यावरच्या वादळाने उपग्रह बंद पाडले होते आणि दोन दिवस फोन लागत नव्हते. कृत्तिकाचा बाबा 'शिंपला' नावाच्या बोटीवरून प्रवाळांची पाहणी करायला गेला होता. तो कालच यायला हवा होता. बंदरावरचं रेडिओ केंद्र संध्याकाळी सहा वाजता, किनाऱ्याला लागलेल्या बोटींची नावं वाचणार होतं. रेडिओ केंद्राला उपग्रह लागत नाही, त्याचा मनोरा जमिनीवरच असतो. पण अख्ख्या गल्लीत रेडिओ एकच, या जुन्या मोटारीतला. आणि पावणेसहा वाजले होते.

कृत्तिका मोटारीच्या पायरीवर चढली. "सांभाळून गं!" मी तिची कंबर धरली. तिने एका हाताने एरियलचं धातूचं बूड धरलं. तोल जाऊ नये म्हणून दुसरा हात टेकला, तो नेमका टपावरच्या रंग उडालेल्या पत्र्यावर.

"...वाऱ्याचा वेग कमी..." रेडिओ बोलला! तिने हात काढला. पुन्हा गप्प.

"आई, माझ्यातून काहीतरी जातंय!"

"शॉक बसला?" मी तिची कंबर आणखी घट्ट धरली.

"नाही हो," चिमटा म्हणाला. "रेडिओलहरी (हवेतून येणारे न दिसणारे विजेचे तरंग) एरियलच्या काडीत वीज मागेपुढे हलवतात. ती इतकी बारीक असते, की मुंगीलाही कळणार नाही. पण एकटी काडी पुरत नाही. तिला जोडीदार लागतो."

"कोण जोडीदार?" कृत्तिकाने विचारलं.

"तुम्ही बंदराच्या धक्क्यावरून पाण्यात उडी मारता, तेव्हा पाय कशावर रेटता?"

"धक्क्यावर. मोकळ्या होडीतून मारली तर होडीच मागे सरकते, मग उडी फसते."

"तसंच. काडीतली वीज ज्यावर पाय रेटते, तो धक्का म्हणजे मोटारीचा सगळा पत्रा."

कृत्तिका एरियलच्या बुडाकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "चिमट्या, हे काळं काय घातलंयस खाली?"

"सायकलच्या ट्यूबचा तुकडा. खडखड थांबावी म्हणून."

"अरे ठोंब्या, रबर! रबरातून वीज जाते का?"

चिमट्याच्या डोळ्यांतले दोन्ही दिवे मंदावले. रबर हा विद्युतरोधक (वीज पुढे जाऊ न देणारा पदार्थ). त्याने एरियल घट्ट धरली, पण तिचं बूड पत्र्यापासून तोडलं. कृत्तिकाचे दोन हात तो तुटलेला सांधा जोडत होते!

सहाला सात मिनिटं उरली. मी पाना घेतला आणि नट सोडवला. रबर निघालं, त्याखाली गंज. गंजही वीज अडवतो. कृत्तिकाने पॉलिशपेपर घासायला घेतला.

"बोट कापेल, मी करते."

"आई, तू टॉर्च धर फक्त!"

पत्रा नव्या ताटलीसारखा चकाकला. चिमट्याने त्यावर एरियल बसवली, मी नट आवळला. कडेने थोडं ग्रीस लावलं, पाणी शिरून पुन्हा गंज चढू नये म्हणून. कृत्तिकाने बटण फिरवलं.

आवाज असा स्वच्छ आला, की निवेदिका मागच्या सीटवर बसली आहे असं वाटावं.

"...'मोरपंखी', रत्नागिरी. 'दर्यादौलत', मालवण..."

मी आवाज वाढवला.

"'शिंपला', देवगड. नऊ जण. सर्व सुखरूप."

कृत्तिकाने अशी आरोळी ठोकली, की वडावरचे कावळे उडाले. चिमट्याने बाराही बोटांनी टाळ्या पिटल्या. मी तिला इतकी घट्ट मिठी मारली, की ती ओरडलीच, "आई, सोड! नावं वाचताहेत अजून. कोपऱ्यावरच्या शकूमावशींची बोट आहे, तांडेलकाकांची आहे. लिही ना पटापट!"

मी लिहू लागले. एकेक चिठ्ठी फाडून हातात देताच ती धावत सुटे. एकेका फाटकातून आरोळी उठू लागली. तीन घरं झाली, चार झाली. सगळ्या चिठ्ठ्या वाटून ती धापा टाकत परत आली आणि म्हणाली, "आई, उद्या प्रत्येक घरात एक रेडिओ हवा. आपणच बनवूया ना?"