झाकण उघडेना!

रविवार कारंजाच्या चौकात कुंदनशेठचं हार्डवेअरचं दुकान. तिथे सृष्टीने चपला चिकटवतात ते पिवळं सोल्यूशन उचललं, आणि शेजारून आवाज आला, "अंहं… ते नको."

तिने मान वळवली. उंच मुलगा, बाहीवर ग्रीसचा डाग, आणि चेहऱ्यावर — नको तेवढा आत्मविश्वास!

"मला काय चिकटवायचंय, तुम्हाला काय माहीत?"

"आत्ताच शेठना सांगत होतात ना! सिरॅमिकचं ग्रिल, झाकणाच्या कडेची गॅस्केट सुटलीय. कोळसा पेटला की आधी हेच पेटेल. त्यापेक्षा हे घ्या, इंजिनाचं लाल सिलिकॉन. माझ्या स्कूटरला मी हेच लावतो."

सृष्टीने ट्यूब फिरवून बारीक अक्षरं वाचली. मग गोड हसली.

"अन्नाजवळ वापरू नये, असं लिहिलंय. तुमची स्कूटर पनीर टिक्का खाते का हो?"

कुंदनशेठ खो-खो हसत सुटले. "ज्ञानेश, विकेट गेली रे तुझी!" त्यांनी खालच्या कप्प्यातून ओव्हनच्या दारांना लावायचं सिलिकॉन काढून दिलं.

ज्ञानेशचे कान लाल झाले… आणि सृष्टीला ते उगाचच आवडून गेलं.

खरं तर तिला हसू सुचायला नको होतं. कॉलेज संपवून तिने मखमलाबादला, घराच्या अंगणात, ग्रिलचा व्यवसाय मांडला होता. ग्रिल जुनंच घेतलेलं, रांजणासारखं गोल. तिच्या वडिलांना, आप्पांना, ते मुळीच पसंत नव्हतं. "रविवारची साखरपुड्याची ऑर्डर नीट झाली तर ठेव," ते म्हणाले होते. "नाहीतर ते मडकं विकायचं आणि तू बँकेच्या परीक्षेला बसायचं." आणि नेमकी आत्ताच कडेची गॅस्केट, म्हणजे फेल्टची पट्टी, सुटली! फटीतून सगळी धग पळून जाणार, मग भाजणार काय, कपाळ?

"मी येऊ मदतीला?" ज्ञानेश म्हणाला. "म्हणजे… चुकीची भरपाई."

शनिवारी सकाळी तो खरंच आला. दोघांनी जुना गोंद खरवडला, नेलपॉलिश रिमूव्हरने कडा पुसल्या. शेजारच्या झेंडूच्या वाफ्यांवरून मंद वारा येत होता. चुकून बोटाला बोट लागलं की दोघंही एकदम भलते गंभीर व्हायचे. सृष्टी चहा आणायला आत गेली, तेवढ्यात ज्ञानेशने एक झाकणाला, एक खालच्या काठाला, अशा पट्ट्या बसवल्या — इंजिनात भरतात तसं काठोकाठ सिलिकॉन भरून — आणि झाकण घट्ट दाबून टाकलं.

इंजिनाचे दोन भाग जोडायचेच असतात हो. ग्रिल उघडायचं असतं!

रविवारी सकाळी झाकण उघडेना. वरची पट्टी खालच्या पट्टीला चिकटून बसलेली. सृष्टीने जोर लावला.

"ओढू नकोस, फुटेल," आप्पा शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचीच तिला धडकी भरली. तिने फोन लावला.

"ज्ञानेश, तुम्ही माझं ग्रिल सीलबंद केलंय!"

तो धावत आला, हातात आसारी, म्हणजे पतंगाची फिरकी, घेऊन. संक्रांतीचा उरलेला सुती मांजा होता तिच्यावर. त्याने तिच्या बोटांना हळूच चिकटपट्टी गुंडाळली, मांजा दोन पट्ट्यांच्या मधे सरकवला आणि एक टोक तिच्या हातात दिलं. तो ओढायचा, ती सोडायची… ती ओढायची, तो सोडायचा.

"माझ्याकडे काय बघताय? मांज्याकडे बघा!"

"दोन्ही एकाच रेषेत आहेत… त्याला मी काय करू?"

आप्पा मोठ्यांदा खाकरले. आणि त्याच क्षणी — झाकण सुटलं! पट्टीचे थोडे धागे निघाले होते, बाकी सगळं जागच्या जागी.

"येवल्याचे का तुम्ही?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"तरीच! पतंगवेड्यांचं गाव!"

संध्याकाळी साखरपुड्याची मंडळी पनीर, मका, रताळी चाटून-पुसून जेवून गेली. आप्पांनी उरलेलं कणीस सावकाश संपवलं. "राहू दे ते मडकं," एवढंच म्हणाले आणि आत गेले. सृष्टीला गिरकीच घ्यावीशी वाटली!

ज्ञानेशने फाटकापाशी स्कूटर सुरू केली.

"पुढच्या रविवारी याल?" तिने विचारलं.

"का? आता काय बिघडलंय?"

"काहीच नाही." तिने थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आवाज… आवाज अगदी स्वच्छ निघाला. "तुम्ही मला आवडता, म्हणून."

ज्ञानेशने सुरू केलेली स्कूटर बंद केली.

"रविवार फार लांब आहे हो," तो म्हणाला. "उद्या येऊ?"