रिकाम्या बंदुकीची झेंडी

इद्वलनं नवी बंदूक घ्यायचं ठरवलं ते खांद्यामुळे. शस्त्रक्रिया झाल्यापासून त्याची जुनी दुनळी असा दणका द्यायची, की एका बारातच हात बधिर व्हायचा. बरं, शिकार सोडावी तर शनिवारचं काय करायचं? तो आणि एम्लिन तरुणपणापासून दर शनिवारी कुत्रा घेऊन टाउई नदीच्या काठची कुंपणं आणि नेच्याची रानं तुडवत आले होते. हाकारे नाहीत, थाट नाही. पायाखालून उठेल ते आपलं. एखादं फेझंट पाखरू, एखादा ससा मिळाला तरी घरी रश्श्याची सोय व्हायची.

बंदुकांच्या दुकानातल्या बेननबाईंनी त्याच्यासमोर दोन बंदुका ठेवल्या. दोन्ही आपोआप भरणाऱ्या, म्हणजे एक बार झाला की पुढचं काडतूस स्वतःच चढवणाऱ्या.

"ही धक्क्यावर चालते," बाई म्हणाल्या. "स्वच्छ राहते, पण तुझ्या खांद्याला सोसायची नाही. ती दुसरी बाराच्या वायूवर चालते. अर्धा धक्का तीच खाते. पण खाल्लेलं तिच्या तोंडाला लागतं, हं. घरी गेल्यावर दर वेळी उघडायची, पिस्टनवरची काजळी पुसायची, तेलाचा हलका हात द्यायचा. कंटाळा केलास तर अडकेल, आणि मग माझ्या नावानं ओरडायचं नाही."

इद्वलनं डोळे मिटून दुसरी बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले. नजर नळीवरून सरळ टोकाच्या मण्यावर गेली. दस्ता जणू त्याच्याच मापाचा होता.

"कुणाची होती?"

"डोंगरापलीकडच्या होवेलची. तो ओढ्यात बुडाला, मग त्याच्या बायकोनं आणून दिली." बाई उगाचच काच पुसत राहिल्या. "झेंडी तेवढी नाही तिची. खूप शोधली म्हणाली, सापडलीच नाही. ही नवी घे."

ही झेंडी म्हणजे लाल प्लास्टिकचा बोटभर तुकडा. दुनळी मधोमध मोडून हातावर टाकली, की तिच्या रिकाम्या नळ्या सगळ्यांना दिसतात. आपोआप भरणारी तशी मोडत नाही. म्हणून कुंपण ओलांडायच्या पायऱ्या चढण्याआधी तिच्यातली काडतुसं काढायची, बोल्ट मागे ओढून ठेवायचा आणि उघड्या खाचेत ही झेंडी खोचायची. सोबत्याला झेंडी दिसली, की मगच त्यानं पाठ फिरवायची.

हे गावात शिकवायचं कोण, तर इद्वलच. दर शरद ऋतूत तो गावच्या सभागृहात नवशिक्यांचा वर्ग घ्यायचा. "रिकामी आहे असं सांगू नका," तो म्हणायचा, "दाखवा." गेल्या वर्षी ग्लिन नावाचा गवळी झेंडी विसरून आला, तेव्हा इद्वलनं त्याला सगळ्यांदेखत घरी पाठवलं होतं. एवढा दांडगा माणूस मान खाली घालून निघून गेला होता.

पहिल्या शनिवारी एम्लिननं बंदूक पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आता पाखरांवर फवारणी करणार का रे म्हाताऱ्या? टाकी कुठाय पाठीवरची?"

"तुझा नेम बसत नाही म्हणून मला फवारावं लागतं," इद्वल म्हणाला. एम्लिनचा कुत्रा मॉट दोघांच्या पुढं नाक खाली घालून धावत होता. दिवस छान गेला.

पुढच्या शनिवारी कुंपणापाशी इद्वलनं खिशात हात घातला. झेंडी नव्हती. दुसऱ्या खिशातही नव्हती. कुठंतरी नेच्यात पडली असणार.

त्यानं काडतुसं काढली, खाचेत बोट घालून पाहिलं. रिकामी. सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण डोळ्यांपुढं ग्लिनची खाली गेलेली मान आली. त्यानं बंदुकीची खाच कोटावर दाबून धरली आणि गप्प उभा राहिला.

एम्लिननं मागं वळून पाहिलं. "हं, लागली झेंडी," म्हणाला आणि पाठ फिरवून चढला.

इद्वलचे कान तापले. एम्लिननं न बघताच म्हटलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. बंदूक तर रिकामी होती ना.

घरी त्यानं वर्तमानपत्र पसरून बंदूक उघडली. सबंध दिवस कोरडा गेला होता, पण नळीखालच्या काडतुसांच्या कप्प्यातून गढूळ पाणी ठिबकलं. त्याबरोबर कुजलेल्या नेच्याचं एक पान आलं. बाराच्या दारूचा वास यायला हवा होता, तर आला तो ओढ्याच्या तळच्या चिखलाचा. त्यानं सगळं पुसलं, वाळवलं, तेल दिलं आणि बंदूक तोंड खाली करून उभी ठेवली.

दुसरी झेंडी बेननबाईंकडं मिळाली असती. पण संध्याकाळपर्यंत ती बातमी चर्चच्या बाकाबाकावर पोचली असती. तो गेला नाही.

त्यानंतर मॉट पुढं जाईना. तो इद्वलच्या मागं, दोन पावलं सोडून चालायचा. आणि मान वर करून बघायचा, मालकाच्या हाताकडं बघतात तसा. मात्र इद्वलकडं नाही, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेकडं.

"खिशात सॉसेज ठेवलंस काय रे?" एम्लिन ओरडला. "माझा कुत्रा फितूर केलास!"

इद्वल हसला. कुंपणापाशी त्यानं पुन्हा खाच कोटावर दाबली. एम्लिननं पुन्हा मान डोलावली. इद्वलनं खोटं असं काहीच म्हटलं नव्हतं. काही म्हणावंच लागत नव्हतं, आणि तेच त्याला खात होतं.

मग धुक्याचा शनिवार आला. ओढ्याकाठचं कुंपण हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसलं नाही. एम्लिन आपली दुनळी मोडून पायरीपाशी उभा राहिला.

"तुझी टिंगल केली खरी," तो म्हणाला, "पण तुझी झेंडी बाकी कामाची हं. एवढ्या धुक्यातसुद्धा लाल दिसते."

खाच कोटावर होती. वर इद्वलचा पंजा होता.

एम्लिननं पाठ फिरवली, पायरीवर पाय ठेवला. त्याच्या कोटाच्या पाठीवर बायकोनं लावलेलं ठिगळ इद्वलला दिसलं.

"एम्लिन, थांब. चढू नकोस."

"का रे?"

"माझ्याकडं झेंडी नाही. हरवली. मी बोललो नाही तुला. रिकामी आहे, हे बघ."

त्यानं नळी बांधाकडं वळवली आणि हात काढला.

खाचेत काडतूस होतं.

लाल. कागदी. भिजून फुगलेलं.

इद्वलची काडतुसं निळी असत. आत्ताच त्यानं तिथं बोट घालून पाहिलं होतं.

त्यानं बंदूक कलती केली. काडतूस पायरीवर पडलं. आवाज ओल्या मातीच्या गोळ्यासारखा झाला.

एम्लिननं पायरीवरचा पाय खाली घेतला.

"आणि मी पाठ फिरवत होतो," तो एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बंदूक बेननबाईंनी परत घेतली. का, ते विचारलं नाही. सभागृहातल्या वर्गात इद्वल सगळ्यांपुढं उभा राहिला आणि झेंडीची गोष्ट त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली. काडतुसाचं काही बोलला नाही. शेवटी त्यानं नाव घेऊन ग्लिनची माफी मागितली. ग्लिननं बुटांकडं बघत मान हलवली.

काही दिवसांनी एम्लिन दारात आला. "शनिवारी येतोयस ना? तुझी दुनळी घेऊन ये. खांदा दुखला तर दुखू दे. तीच लायकी आहे तुझी."

त्या शनिवारी लख्ख ऊन होतं. ओढ्याकाठच्या कुंपणापाशी इद्वलनं दुनळी मोडली आणि उंच धरली. दोन्ही नळ्यांतून आभाळ दिसत होतं. एम्लिननं नीट पाहिलं, मान डोलावली. मग त्याची नजर इद्वलच्या खांद्यावरून थोडी पलीकडं गेली.

"हं, झेंडी लागली," तो सवयीनं म्हणाला आणि वळला.

इद्वलला हसू आलं. "अरे, दुनळीला झेंडी कशाला?"

मॉट अजून मागंच होता, मान वर करून.

"तुझी नाही रे," पायरी चढता चढता एम्लिन म्हणाला. "तुझ्या मागच्याची."