राजारामचा खुंटा

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. पटत नसेल तर माझ्या नवऱ्याचा डावा हात बघा.

१९८३ सालची, भाद्रपदातली गोष्ट. मुलुंडला मिठागरांपलीकडे, खाडीला लागून आमची बैठी चाळ होती.

अमावास्येच्या आदल्या दिवशी ह्यांनी ओहोटीत चिखलातून एक लाकडी खुंटा उपटून आणला. आमच्या तान्ह्या अनुची झोळी बांधलेलं आढं वाकलं होतं. त्याला तो टेकू म्हणून लावला.

शेजारच्या सुंदराबाई कोळीण तो बघून पांढऱ्याफटक पडल्या.

"सहदेव, माझ्या लेकाचा, राजारामचा हाय तो! गाळात गेला, सापडला नाय. अशा गाळात गेलेल्याला धरून ऱ्हायला आम्ही खुंटा ठोकतो. काढलास तर तो दुसरं कायतरी धरंल."

"मावशी, फुकटचं लाकूड मिळालं म्हणून जळतेस काय गं?"

"अहो, परत ठेवून या ना," मी म्हटलं.

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी उधाणाची भरती चढली.

कावळे गप्प झाले…

मग कोब्याखालून काहीतरी चघळल्यासारखा आवाज आला…

भेगेतून काळा गाळ वर आला. पाणी नाही. नुसता गाळ.

अनु किंचाळली.

झोळी फाटली होती. तिचा पाय गाळात होता, आणि कोणीतरी तिला खाली ओढत होतं!

ह्यांनी डावा हात आत खुपसला. खांदा काडकन निखळला.

"कोयता आण!"

मी गाळात कोयता हाणला. पुन्हा हाणला. रक्ताची चिळकांडी उडाली. ह्यांची दोन बोटं तुटली होती…

तरी पकड सुटेना. अनु कमरेपर्यंत गेली.

सुंदराबाई धावत आल्या. त्यांनी टेकू उपटला, आढं कोसळलं. खुंटा त्यांनी गाळात खुपसला.

"राजाराम, हे धर! लेकरू सोड!"

अनु सुटली.

संध्याकाळी ओहोटीला सुंदराबाई आणि मी खुंटा घेऊन गेलो. पण जागाच उरली नव्हती. उधाणानं तिथला गाळ उचलून भलतीकडे टाकला होता. कालच्या चिखलातून खोल पाणी वाहत होतं.

त्यांनी अंदाजानं जवळच ठोकला.

"राजारामला सापडेल ना?" मी विचारलं.

त्यांनी खुंट्यावर आणखी एक घाव घातला.

आम्ही घाटकोपरला आलो. अनु आता चार वर्षांची आहे. माझं मनगट घट्ट धरूनच झोपते. मी सोडवून घेत नाही.

परवा अमावास्या होती. दुपारी डुलकीतून जाग आली. अनुचे दोन्ही हात तिच्या गालाखाली होते…

माझं मनगट मात्र तसंच धरलेलं होतं.