अळणी भाजीवरचा आळ

"सोडियम का उतरलं ते वहिनीला विचारा. बाबांना अळणी खायला घालते ती," नणंद वॉर्डात सगळ्यांदेखत म्हणाली.

सून मान खाली घालून उभी राहिली. सासरे गुंगीत होते, तिला ओळखतही नव्हते. लग्नानंतर तिचं अर्धवट शिक्षण याच माणसाने पुरं करवलं होतं. रक्तदाबासाठी मीठ मात्र तिनेच कमी केलं होतं. आपल्यामुळे त्यांचं काही बरंवाईट झालं तर?

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. वॉर्डात त्यांना पाठीमागे 'गुप्तहेर' म्हणत. सोबत त्यांचा सहायक होता. माणूस भला, पण त्याची गाडी कायम पहिल्या गियरमध्ये.

"रक्तदाबाची गोळी भोवली असेल, बाई," सहायक म्हणाला.

"ती कालच बंद केली, तरी रक्तदाब खालीच. साखरही कमी. मीठ कमी खाल्लं म्हणून साखर कशाला उतरेल?"

बाईंनी सासऱ्यांची बाही वर सारली. कातडी पातळ, जागोजागी काळेनिळे डाग. हात काटकुळे, चेहरा मात्र गोल गरगरीत.

"गुडघे दुखायचे का यांचे?"

"फार," नणंद म्हणाली. "मी एकाकडून पूड आणून दिली. वर्षभर टुणटुणीत होते."

"अजून घेतात?"

सून अडखळली. "मी टाकून दिली. पुडीवर कशाचंच नाव नव्हतं, भीती वाटली. तेव्हापासून गळूनच गेलेत. अन्नही नको म्हणतात."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "सापडला चोर. पुडीत स्टिरॉइड असणार. चेहरा आणि कातडी तेच सांगतात. शरीर ते स्वतःही बनवतं, पण बाहेरून आयतं मिळालं की आतला कारखाना बंद पडतो. पूड एकदम थांबली, कारखाना सुरू झालाच नाही. मग रक्तदाब, साखर, सोडियम, सगळंच कोसळलं. रक्ताचा नमुना घ्या आणि निकालाची वाट न बघता स्टिरॉइडचंच इंजेक्शन द्या."

"म्हणजे दोष माझाच," सून म्हणाली.

"असली पूड हळूहळू सोडायची असते, हे तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही खरं बोललात म्हणून मला वाट सापडली."

बाईंचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी डोळे उघडले. नणंदेने सुनेचा हात घट्ट धरला होता. "नाही नाही ते बोलले गं वहिनी. पूड तर मीच आणली होती."

सासरे सुनेकडे बघत राहिले, मग क्षीण आवाजात म्हणाले, "सूनबाई, तू जेवलीस का?"