स्टिअरिंगवरचा लाल दांडा

हे खरं आहे. पटवून घ्या असा माझा आग्रह नाही. उद्या कुणी हे खोटं असल्याचं सिद्ध केलं, तर सगळ्यात आधी मीच त्याचे पाय धरीन.

जागा म्हणजे बाजारामागची गल्ली. एका बाजूला बंद शटरं, दुसऱ्या बाजूला किराणा दुकानाचं मागचं दार. वेळ पहाटेची, उजाडायला थोडा अवकाश होता. आम्हा ब्रेडवाल्यांचा दिवस तेव्हाच सुरू होतो. बेकरीतून गरम माल उचलायचा आणि दुकानं उघडायच्या आत पोचवायचा.

आमच्या धंद्यात एक सवय सगळ्यांना असते. माल उतरवताना कुणी इंजिन बंद करत नाही. ट्रे उचलायचा, दारात ठेवायचा, परत यायचं. तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?

मला ही व्हॅन जुनी मिळाली. मागचा भाग पत्र्याने बंद, एक दार, खिडकी नाही. पुढच्या दोन सीट्सच्या मधून मागे जाता येतं. आधीचा मालकही ब्रेडवालाच होता. तो वारला, म्हणून त्याच्या बायकोने, काकूंनी, गाडी विकायला काढली.

गाडी पाहून मिस्त्री हसतच सुटला.

"भाऊ, ही गाडी आहे का तिजोरी? चोर राहू दे, मालकालाच रोज घाम फुटत असणार!"

खोटं नव्हतं. चाकाला जामर. गिअरला कुलूप. सीटखाली चोर-स्विच, तो दाबल्याशिवाय गाडी चालूच होत नसे. आणि स्टिअरिंगवर आडवा बसणारा एक लाल लोखंडी दांडा. ओढला की कर्रर्र करत लांब व्हायचा आणि खट् करून बंद व्हायचा. मग स्टिअरिंग थोडंही वळलं तरी दांडा दारावर अडायचा.

व्यवहार झाल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "बाकी काय काढायचं ते काढा. दांडा मात्र लावत जा. आमचे हे कधी विसरले नाहीत."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. म्हाताऱ्याची कधीतरी गाडी चोरीला गेली असेल, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. जामर, कुलूप, स्विच सगळं काढून टाकलं. दांडा सीटखाली सरकवला. त्याची किल्ली घरी खिळ्याला अडकवली आणि विसरून गेलो.

पहिला प्रकार त्याच गल्लीत घडला.

माझा मेहुणा मदतीला होता. दोघांनी दोन दोन ट्रे उचलले, किराणावाल्याच्या दारात ठेवले, परत आलो. इंजिन चालूच होतं.

आणि स्टिअरिंगवर…

लाल दांडा. पक्का लावलेला.

"फार शहाणा झालास का रे?" मी मेहुण्यावर डाफरलो.

"दाजी, मी तुमच्याबरोबरच होतो की! माझ्या हातात ट्रे होते!"

ते खरं होतं. पण माझ्या डोक्यात शिरेना. बायकोला फोन केला. ती किल्ली घेऊन आली, तेव्हा उजाडलं होतं आणि अर्धी गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडत होती.

"अहो, दोन बाप्यांना मिळून एक कुलूप सांभाळता येत नाही?" ती म्हणाली. आम्ही ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्यांदा मात्र मेहुणा गाडीतच होता.

तो मागे ट्रे रचत होता. मी शेजारच्या दुकानात. एकदम तो धडपडत बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

"दाजी… पुढे आवाज झाला. कर्रर्र… खट्. पाहिलं तर पुढे कुणी नाही."

"मग?"

"ते राहू द्या. मागे… पोत्यांवर कुणीतरी झोपलंय."

मी बॅटरी मारली. मैद्याची रिकामी पोती घडी घालून ठेवलेली. कोणी नव्हतं.

"दिसत नाही हो. श्वास ऐकू येतो. लहान मुलाचा… झोपेतला."

मी कान दिला. इंजिनचीच घरघर. दुसरं काही नाही. निदान तेव्हा मी असंच म्हणालो.

त्या दिवसापासून मेहुणा व्हॅनमध्ये बसला नाही. आजही बसत नाही.

मी तो दांडा घरी नेला, जुन्या चादरीत गुंडाळला, दोरीने घट्ट बांधला आणि माळ्यावर टाकला. बायको हसली. "भुताला कोंडलंत वाटतं?" मीही हसलो. नंतर बरेच दिवस काही झालं नाही.

मग ती पहाट आली.

बायको इस्पितळात आया आहे. तिला अचानक रात्रपाळी लागली. मेहुणा येईना. घरी आमची ठकी एकटी. वय असं की झोपली की ढोल वाजवा, उठायची नाही. तिला उचललं, व्हॅनमध्ये मागे पोत्यांवर चादर टाकून निजवलं.

गल्लीत पोचलो. एकच ट्रे उतरवायचा होता.

एवढ्यासाठी इंजिन कशाला बंद करायचं, असं वाटलं. चालूच ठेवलं.

ट्रे किराणावाल्याच्या हातात देतोय… तोच बाहेर दार आपटलं.

माझ्या गाडीचं दार.

पाठोपाठ इंजिन गुरगुरलं.

आणि मग तो आवाज.

कर्रर्र…

खट्.

ट्रे माझ्या हातून सुटला. मी धावलो. व्हॅन सरळ पुढे निघाली होती. गल्ली जिथे वळते तिथे ती वळली नाही. हळूच जाऊन भिंतीला टेकली आणि बंद पडली. दारातून एक माणूस अक्षरशः खाली पडला. उठला, माझ्याकडेच धावत आला, माझा हात धरला.

चोराने मालकाचा हात धरला!

"आत म्हातारा आहे," तो म्हणाला. "माझ्या मांडीवरून हात घातला त्याने…"

आणि हात सोडून पळत सुटला.

स्टिअरिंगवर लाल दांडा होता.

तोच. जो माझ्या माळ्यावर होता.

मी मागे झेपावलो. ठकी झोपलेली होती. हाक मारली. हलवलं. गालावर चापट्या मारल्या. ती उठेना. किती हाका मारल्या आठवत नाही. शेवटी तिने डोळे किलकिले केले आणि कुजबुजली,

"बाबा, हळू बोल ना. ताई उठेल."

तिच्या शेजारी पोत्यांवर एक खळगा होता. लहान मुलाच्या अंगाएवढा. मी हात लावला.

ऊबदार होता.

घरी येऊन आधी माळा पाहिला. गाठोडं जागच्या जागी. दोरीची गाठ मी मारली तशीच. आत काही नव्हतं.

त्याच दुपारी काकूंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता आत बसवलं.

"आमची मुलगी," त्या म्हणाल्या. "मी आजारी होते, म्हणून हे तिला बरोबर घेऊन गेले. मागे झोपली होती. हे माल उतरवायला गेले, इंजिन चालू ठेवून. कुणीतरी गाडी पळवली. आत पोर आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. एका बंद गोदामात गाडी घातली आणि इंजिन तसंच ठेवून पसार झाला. धूर कोंडला. पोर झोपेतच गेली. जागीसुद्धा झाली नाही."

मी व्हॅनची किल्ली खाली ठेवली.

"त्यानंतर यांनी ती सगळी कुलपं बसवली. लोक हसायचे. हे माल उतरवताना दांडा लावायचे आणि मागे बघून म्हणायचे, 'झोप तू. मी आलोच.' रिकाम्या गाडीत, बरं का. मला वाटायचं, दुःखाने डोकं फिरलंय."

"काकू, गाडी रिकामी नाहीये," मी म्हणालो.

त्या रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "नीट झोपते का हो ती?"



तेव्हापासून मी दर दुकानापुढे इंजिन बंद करतो. दांडा लावतो. मागे बघून म्हणतो, "झोप तू. मी आलोच." मेहुणा म्हणतो, दाजी, तुम्हीही त्यातलेच झालात. म्हणू दे बापडा. दांडा आपोआप लागायचा थांबला. मला वाटलं, संपलं सगळं. म्हाताऱ्याला हवं होतं ते कुणीतरी करतंय.

पण निघण्याआधी मी पोती झटकून सपाट करतो. पहिल्या दुकानापाशी पाहतो तर खळगा असतोच. त्याची आता सवय झाली होती.

गेल्या आठवड्यापासून खळगे दोन आहेत.

शेजारी शेजारी.

आणि बायको सांगते, मी फेरीवर असतो तेवढा वेळ ठकी घरी उठत नाही. हलवा, पाणी मारा, उठत नाही. श्वास चालतो, पण डोळा उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, गाढ झोपेची मुलं असतात अशी. काळजी करू नका.

गाडी विकून टाका, असं तुम्हालाही वाटत असेल. गिऱ्हाईक आलंही होतं. त्याने हात पुढे केला, तेव्हा माझ्या मनात आलं… फेरीच्या वेळी ही व्हॅन दुसऱ्याच कुणाच्या दारात असेल, तर माझी ठकी कुठे असेल?

मी नाही म्हणालो.

आता रोज फेरी संपली की घरासमोर व्हॅन उभी करतो. दांडा लावतो, कारण न लावण्याची हिंमत नाही. मग मागचं दार उघडतो, पुढे येऊन दांड्याची किल्ली फिरवतो आणि हाक मारतो, "ठकू, घर आलं."

खट् करून दांडा सुटतो. त्याच क्षणी वर, घरात, ती डोळे उघडते. बायको खिडकीतून हात हलवते आणि मी श्वास घेतो.

काल किल्ली फिरत नव्हती.

बराच वेळ.